भिशीचे ९६ हजार गावातल्या बायकांना द्यायचेत: रोख, वस्तू की कर्जाऊ?

वेलदोडा

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही आठजणी, सिंहगड रोडवरच्या एकाच सोसायटीतल्या. २००३ पासून भिशी चालवतो. गेल्या दिवाळीत ठरलं की एक वर्ष कुणाचीच चिठ्ठी काढायची नाही, जमेल ते बाजूला ठेवायचं. आठजणी, दरमहा हजार, बारा महिने म्हणजे ९६ हजार झाले. पैसे जमेपर्यंत आमच्यात एकदाही वाजलं नव्हतं. आता रोज वाजतं.

आमच्यातल्या एकीचं माहेर धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. पैसे तिथल्या बायकांसाठी आणि मुलींसाठी द्यायचे, एवढ्यावर एकमत आहे. पुढे तीन पक्ष आहेत.

पहिला पक्ष शिलाई मशीनचा. वस्तू दिली की पैसे दारूत जात नाहीत, हा त्यांचा मुद्दा. दुसरा पक्ष मुलींच्या फीचा. तिसरा पक्ष (मी आणि आमची बँकेतून निवृत्त झालेली मैत्रीण) म्हणतो, नऊदहा बायकांना दहादहा हजार रोख द्यावेत, त्यांचं त्यांना कळतं.

पण रोख म्हणायलाही माझी जीभ अडखळते, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही तोंड पोळून घेतलंय. त्याच गावातल्या एका बाईला पिठाची गिरणी घेऊन दिली होती. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. सहा महिन्यांनी मैत्रीण माहेरी गेली तर गिरणीवर दीर बसलेला. बाई म्हणे, "मी असतेच की, पीठ चाळायला." तक्रारीचा सूरही नव्हता तिच्या बोलण्यात. आम्हालाच रात्री झोप येईना.

आणखी एक: एकीची लेक न्यू जर्सीला असते. तिच्या तिथल्या मैत्रिणींना यात भर घालायची आहे. ते चालतं का?

ज्यांनी प्रत्यक्ष असं काही केलंय त्यांनी सांगावं. "कल्पना छान आहे" एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका, ते आम्ही एकमेकींना रोज म्हणतो.

उसवण

शिलाई मशीन नको!! मी स्वतः शिवते, म्हणून हक्कानं सांगते.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ शिलाई मशीन असाच लावतात. त्यात जिल्हा परिषदेची योजना, त्यात निवडणुकीआधी पुढारी. माझ्या माहेरी एका आळीत सात मशीनं आहेत. पाचांवर टीव्ही आहे, एकावर देव. सातवं चालतं, कारण त्या बाईनं ते स्वतःच्या पैशानं जुन्या बाजारातून आणलं होतं.

गावात ब्लाउजची गिऱ्हाइकं मोजकी असतात. आठ मशीनं दिलीत तर आठजणी एकमेकींची गिऱ्हाइकं ओढतील. द्यायचंच असेल तर जी आधीपासून शिवते आहे तिला पिको-फॉलचं मशीन द्या. तेही तिनं मागितलं तरच.

कोरडवाहू

वेलदोडाताई, मी कळंबच्या शेजारच्या तालुक्यातली. ‘उमेद’ या सरकारी बचत गट अभियानाची सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून नऊ वर्षं गावात बचत गट सांभाळले. आता सोडलंय, म्हणून मोकळेपणानं लिहिते. मोबाइलवर टाइप करतेय, चुका झाल्या तर वाचून घ्या.

तुमचा प्रश्न रोख का वस्तू असा आहे. मला विचाराल तर आधी विचारा की पैसा बाईच्या हातात किती दिवस थांबेल. रोख असो नाही तर मशीन, संध्याकाळी घरी जातंच की ते.

सरकारचा पैसा कसा येतो ते सांगते, त्यातून तुम्हाला वाट दिसेल. गट तीन महिने नियमित बसला, बचत केली, वही लिहिली की त्याला फिरता निधी मिळतो. आमच्या वेळी १५ हजार होता, २०२३ मध्ये राज्यानं ३० हजार केला. पुढे गटानं आराखडा केला की ग्रामसंघाकडून (गावातल्या गटांचा मिळून झालेला संघ) ६० हजारांपर्यंत समुदाय गुंतवणूक निधी. यातली मेख अशी की फिरता निधी गटाला मिळतो तो परत द्यायचा नाही, पण गट बाईला देतो ते कर्जच असतं. शेकडा एक रुपया महिना व्याज. हप्ता फिटला की तोच पैसा दुसरीला.

शहरातल्या ताया नाराज होतात यावर. "गरीब बाईकडून परत कशाला घ्यायचं?" माझाही सुरुवातीला असाच जीव तुटायचा. नऊ वर्षांत एवढं कळलं की परत द्यायचा पैसा हीच बाईची ढाल आहे. मालकानं मागितला तर ती म्हणू शकते, "गटाचा आहे, सोमवारी हप्ता आहे, बाया दारात येतील." फुकटचा पैसा असला तर काय म्हणून नाही म्हणणार? तुमच्या गिरणीच्या बाईकडं असलं एकही वाक्य नव्हतं. हार, नारळ झाला, गिरणी घरची झाली. घरचं म्हणजे कुणाचं, ते तुम्हाला कळलंच.

म्हणजे कर्ज दिलं की सगळं सुरळीत, असंही नाही. आमच्या गटातल्या एकीनं ९ हजार घेऊन उस्मानाबादी शेळी घेतली. जात आमच्याच मातीतली, काळीभोर, बहुतेक वेताला दोन करडं. दोन वेतं झाली. मग विहिरीवरची मोटर जळाली आणि मालकानं एका बाजारात शेळी आणि तिची एक पाठ (मादी करडू) विकली. तिला विचारलंही नाही. मोटर तिच्याच शेताची होती हो, तीही रडली नाही, फक्त पुढचे चार महिने मजुरी करून हप्ते भरले. आता हे यश का अपयश, आमच्या रिपोर्टात याला रकानाच नव्हता.

दुसरी एक. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. ही बाई दर वर्षी यात्रेआधी गटातून ४ हजार उचलायची. बांगड्या, गंडेदोरे, लेकरांच्या शिट्ट्या असला माल भरायची आणि पाच दिवस रस्त्याकडेला बसायची. यात्रा उठली की पैसे परत, वर नफा. एका साली बाहेरच्या एका संस्थेनं गावातल्या दहाजणींना ५-५ हजार दिले, तिचंही नाव होतं. फॉर्म, फोटो, सही, पुन्हा फोटो. पैसे आले वैशाखात. यात्रा होऊन गेलेली. त्या पैशाचा पंखा आला घरात. वाईट नाही पंखा, आमच्याकडचा उन्हाळा तुम्ही पाहिला नसेल. पण ते ५ हजार चैत्रात आले असते तर पंखा आलाच असता, वर भांडवलही राहिलं असतं.

म्हणून पहिली विनंती, तारीख बायकांना ठरवू द्या. तुमच्या आठ मार्चला देऊ नका.

दुसरी, नावं तुम्ही निवडू नका. माहेरवाशीण मैत्रिणीलाही निवडू देऊ नका, तिची भावकी आहे तिथं. आणि सीआरपीच्या हातात तर मुळीच पैसा देऊ नका. मी स्वतः सीआरपी होते, तरी सांगते. ग्रामसंघाच्या बँक खात्यात द्या, ठराव लिहून घ्या, ठरावाची प्रत मागा. ग्रामसंघ कसा आहे ते ओळखायचं तर अहवाल बघू नका. गटाची अंतर्गत कर्जाची वही बघायला मागा. कर्ज कशाकशाला घेतलं ते लिहिलेलं असतं. सगळीकडं एकाच शाईनं एकाच दिवशी "शेळीपालन, शेळीपालन" लिहिलेलं दिसलं तर नमस्कार करून परत या. "दवाखाना, बी-बियाणं, लेकीची जीन्स, पत्रे" असं काहीबाही दिसलं की समजा, वही खरी आहे.

आता मुली.

फी द्यायची म्हणता, पण फी कुठली? एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. जुलै २०२४ पासून व्यावसायिक कोर्सला, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मागास, ओबीसी, ईडब्ल्यूएस घरच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. आमच्याकडच्या पोरींना फी सोडून सगळं लागतं. सीईटीचं सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात येतं, पेपर सकाळी नऊचा, म्हणजे आदल्या रात्री जायचं, सोबत बाप किंवा भाऊ, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, आणि आमच्या पोरी डांबरी रस्त्यावर चपला काढून पळतात. दीड हजाराचे बूट घेतले तर सराव होतो. जातीच्या दाखल्याला, नॉन-क्रिमीलेयरला तीनतीन खेटे. कुठली योजना देते हो हे? बाराशे-पंधराशेच्या गरजा, पण नेमक्या त्याच दिवशी लागतात.

आणि दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं ते वेगळंच. तोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, उचल पण अर्धी. त्यामुळं पोरगं अठरा-वीसचं झालं की घरात त्याच्यासाठी दुसरा अर्धा शोधायला सुरुवात, आणि कुणाची तरी पंधरा-सोळाची पोर शाळेतून उठते. ही गोष्ट तुमच्या ९६ हजारांनं थांबणार नाही. पण आईबाप तोडीवर असताना पोर आजीपाशी गावात राहिली, तिच्या किराण्याची सोय झाली, तर वर्ष वाया जात नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिघींची वर्षं अशी वाचली. चौथीचं लग्न झालं.

अर्थशून्य

कोरडवाहू ताई, तुम्ही वहीवरून जे सांगितलंत ते अर्थशास्त्राची मंडळी गेली वीस वर्षं प्रयोग करून शोधतायत. थोडक्यात सांगतो.

श्रीलंकेत २००५ पासून छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून १० किंवा २० हजार श्रीलंकी रुपये दिले, काहींना रोख, काहींना मालाच्या रूपात. पुरुषांचा नफा चांगला वाढला. बायकांचा सरासरीनं वाढलाच नाही. यावरून काहींनी बायकांना धंदा जमत नाही असा निष्कर्ष काढला. मग घानात तसाच प्रयोग झाला. तिथं बायकांच्या बाबतीत रोख पैसा घरखर्चात विरला, वस्तूरूपानं दिलेलं धंद्यात टिकलं. पण तेही ज्यांचा धंदा आधीच बरा चालत होता त्यांच्यापुरतं. अगदी छोट्या धंदेवालींना दोन्हीनं फारसा फरक पडला नाही.

२०१९ मध्ये हीच आकडेवारी, सोबत भारतातली, पुन्हा तपासली गेली आणि चित्र फिरलं. ज्या घरात बाईचा धंदा हा एकमेव धंदा होता, तिथं तिचा नफा पुरुषाइतकाच वाढलेला होता. जिथं नवऱ्याचाही धंदा होता, तिथं बाईच्या नावानं आलेला पैसा नवऱ्याच्या धंद्यात गेला होता. म्हणजे पैसा वायाही गेला नव्हता आणि बाईला धंदा जमत नव्हता असंही नव्हतं. तो फक्त दुसऱ्या गल्ल्यात होता.

मुलींसाठी: बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २ हजार रुपये द्यायला सुरुवात केली. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी वाढलं, आणि शाळा जिथं लांब होती तिथं जास्त. तेव्हा गावापासून हायस्कूल किती किलोमीटरवर आहे हे आधी विचारा.

कोरडवाहू

@अर्थशून्य, एवढं लांब श्रीलंकेला कशाला जायचं दादा. २०१५ मध्ये मी गटातून पहिलं कर्ज घेतलं, ५ हजार. कागदावर लिहिलं "पापड उद्योग". गेले ते मालकाच्या पंक्चरच्या दुकानात, हवेचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायला. मी स्वतः नेऊन दिले, कुणी हिसकावले नाहीत. दुकान चाललं की घर चालतं, हे मलाही कळत होतं. त्यामुळं तुमच्या अभ्यासातल्या बायांना भोळ्या समजू नका.

फक्त झालं काय की हप्ता माझ्या नावावर आणि गल्ला त्यांच्याकडं. दर महिन्याला हप्त्यासाठी हात पुढं करायचा. दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. कडक भाकरी सुरू केली, तिला पीठ, सरपण आणि हात लागतात, कॉम्प्रेसर लागत नाही. पैसे माझ्या खात्यात, खात्याचं एटीएम माझ्या पिठाच्या डब्यात. अजून त्यांना ती जागा माहीत नाही. (हे इथं वाचणारे नाहीत ते.)

सीए_नाही_सीएची_बायको

न्यू जर्सीबद्दल. नवऱ्याला विचारून लिहिते, तरी तुमच्या सीएला दाखवून घ्याच.

लेकीकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तिनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असूनही ती परदेशी देणगी ठरते. मैत्रिणींपैकी कोण काय आहे ते प्रत्येकीचं वेगळं पाहावं लागेल. परदेशी देणगी फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेला घेता येते, तीही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून अशा संस्थेला तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. तुमच्या ग्रामसंघाकडे एफसीआरए असणं शक्य नाही.

लेकीनं आईला भेट म्हणून पाठवलेले पैसे ही वेगळी गोष्ट. पण तिच्या मैत्रिणींची वर्गणी आईच्या खात्यावर गोळा करून गावात वळवणं, हे करू नका. हेतू चांगला होता हे सांगायची वेळ येऊ नये. त्या मुलींना अशी नोंदणी असलेल्या संस्थेलाच थेट देऊ दे.

तुमच्या ९६ हजारांना ८०जी (देणगीवरची करसवलत) हवं असेल तर तेही नोंदणीकृत संस्थेलाच द्यावं लागेल, २ हजारांवर रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत बहुतेकांना त्याचा उपयोगच नाही. गटाला दिलेत तर करसवलत विसरा. आठजणींत मिळून किती वाचणार होते? एका हॉटेलच्या बिलाएवढे.

वेलदोडा

सगळ्यांचे आभार. काल भिशी बसली. मी हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. एटीएमच्या डब्याला टाळ्या पडल्या, आणि दोघी लगेच गप्प झाल्या ते माझ्या लक्षात आलं.

असं ठरलंय: मैत्रीण आणि मी पुढच्या महिन्यात गावी जाऊन आधी वही बघायची. ठीक वाटली तर ६० हजार ग्रामसंघाच्या खात्यात, गटांना कायमचे, बायकांना कर्जाऊ. कुणाला, कधी, किती ते त्यांचं त्या ठरवतील. आम्हाला वर्षातून एकदा कर्जवहीच्या पानांचा फोटो पाठवायचा, बायकांचा नाही. उरलेले ३६ हजार मुलींच्या "फी सोडून सगळ्या"साठी. ते कुणाच्या हाती ठेवायचे यावर अजून भांडण चालू आहे. हायस्कूलच्या बाईंचं नाव पुढे आलं, पण त्यांची बदली कधीही होऊ शकते. हायस्कूल साडेचार किलोमीटरवर आहे, सकाळची एसटी आहे, संध्याकाळची शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी निघते. एवढी चौकशी फोनवरच झाली.

शिलाई मशीनचा पक्ष अजून पूर्ण शरण आलेला नाही. त्यांना उसवणताईंचं देव ठेवलेलं मशीन दाखवायला हवं.

आणि ती गिरणी? परत मागायची का? मला तर त्या बाईशी फोनवर बोलायलाही अवघड वाटतं.

कोरडवाहू

परत मागू नका, गावात तिचीच मान खाली जाईल. दिराला बसू द्या गिरणीवर. तिला एवढंच विचारा, विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे, आणि महिन्याचं बिल कोण भरतं.

वेलदोडा

आत्ताच विचारलं. बिल ती भरते, मजुरीच्या पैशातून. मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे. ते २०११ साली गेले.